गाण्याच्या पलीकडचं

"मॅडम, ते गानं न्हाई."

मी आरशासमोर बसले होते आणि रंगभूषा करणारी बाई माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं लपवत होती. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून मी आरशातूनच मागे पाहिलं. दाराशी पंचविशीतली एक सावळी मुलगी उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात चपला. वाहिनीच्या त्या गुळगुळीत फरशीवर चपला घालून चालायचा तिला धीर झाला नसावा. सही मागायला आलेली वाचक असेल, असं मी धरून चालले. तेव्हा लोक माझ्या सह्या मागत आणि मला ते आवडत असे.

"कुठलं गाणं?"

"ऊठ राजा. तुम्ही पेपरात लेख लिवलासा त्येच्यावर. त्यात जी रडतीया, ती माजी आई हाय. तानुबाई शेजाळ. मी अलका. जत तालुक्यातनं आलोय."

'रडतीया' हा शब्द मी ऐकला, पण तो माझ्या डोक्यात शिरला नाही. मी आनंदाने अर्धी उठलेच. "अगं, मग आत ये ना. किती शोधलं तुझ्या आईला."

हे धादांत खोटं होतं. मी कुणालाही शोधलं नव्हतं.

त्या वर्षी 'ऊठ राजा'ने महाराष्ट्र हलवून सोडला होता. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, रिक्षावाल्याचा फोन, सगळीकडे तेच. एका बाईचा मोकळा, खरबरीत आवाज, 'ऊठ माज्या राजा, ताट वाढलंय' एवढीच ओळ तीनदा, आणि खाली कुण्या साउंडवाल्याने भरलेला ठोका. तिसऱ्या वेळी ओळ अर्ध्यात तुटायची. तीन क्षण काहीच नाही. तेवढ्यात नाचणारे सगळे हात वर करून थांबायचे आणि मग ठोका असा आदळायचा, की खिडक्यांची तावदानं थरथरत. आमच्या क्षेत्रातल्या झाडून सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मी मुरडलं नाही, कारण मला वेगळं काही म्हणायची खोडच होती. 'कानोसा' या माझ्या सदरात मी लिहिलं, की ठोका विसरा आणि बाईचा आवाज ऐका. माणदेशातल्या जात्यावरच्या गाण्याची ही अखेरची लेक आहे. तिसऱ्या ओळीत ती स्वर हवेत सोडून देते, आणि नंतरची जी शांतता आहे ती भल्याभल्या गवयांना जन्मभर साधत नाही. लेख गाजला. वर्षभरातला माझा सर्वांत गाजलेला लेख.

ती बाई कोण, कुठली, हे मी विचारलं नव्हतं. आमच्यात ती पद्धतच नव्हती. आमचे ज्येष्ठ, जयवंतराव निमकर, आम्हा सगळ्यांना सांगत आले होते, की समीक्षकाने कलावंताला भेटायचं नसतं, जे बोलायचं ते कलाकृतीशी. आम्ही ते व्रतासारखं पाळत होतो आणि त्याचा अभिमानही मिरवत होतो.

"मॅडम, आईला गाता येत न्हाई," अलका म्हणाली. "पाळन्याचं सुदिक तिनं कवा म्हनलं न्हाई. माजा भाऊ गेला, दत्ता. दुधाच्या टेम्पोवर होता. टेम्पो उलाटला. त्याला दारात आनला तवा आईनं हेल काढला. कुनीतरी पावन्यानं फोनवर घेतलं. त्येचं ह्ये झालं."

रंगभूषेवाल्या बाईचा हात थांबला.

"आणि ते... तिसऱ्या ओळीला जे थांबतं?"

"तितं ती पडली. शुद्ध गेली. बायकांनी पानी मारलं तोंडावर."

मी खुर्चीच्या हातांना धरून बसले. माझ्या लेखात त्या तीन क्षणांवर एक अख्खा परिच्छेद होता.

अलका आत आली, पण बसली नाही. तिचं बोलणं पाठ करून आणल्यासारखं सरळ होतं. ती अंगणवाडीत शिकवायची. त्या साउंडवाल्याला ती जाऊन भेटली होती. ते काढून टाक म्हणाली. त्याने माझा लेख दाखवला होता. त्याने तो कापून, प्लास्टिकमध्ये घालून दुकानात लावला होता.

"तो म्हनला, हे लोकगीत हाय, मोठ्या बाईंनी पेपरात लिवलंय. लोकगीत कुनाच्या बापाचं नसतंय. गावात बी तसंच. आदी लोक चोरून वाजवायचे, आमच्या दारावरनं जाताना बंद करायचे. लेख आल्यावर बंद करायचे थांबले. मागच्या महिन्यात आमच्या आळीत वरात आली. आई चुलीम्होरं बसली हुती. भाईर पोरं नाचत हुती तिच्या आवाजावर."

"मग आज तुम्ही इथे..."

"चॅनेलवाले म्हनले, आईचा सत्कार हाय. म्या म्हनलं, जायाचं. सत्कारासाटी न्हाई. तुमी असनार म्हनून." तिने पिशवीत हात घालून फोन काढला. "तुमीच त्येला गानं म्हनलासा, तर आता तुमीच म्हना की, हे गानं न्हाई. माज्या भावाच्या मयताची रड हाय. एवढं एकच वाक्य. तुमी म्हनलासा तर त्याला काडावं लागंल. मी त्ये रेकॉर्ड करून त्येला दावते."

"म्हणते," मी म्हणाले. "नक्की म्हणते, अलका."

मला तेव्हा तसंच वाटत होतं. ती हसली. मग म्हणाली, की आई शेजारच्या खोलीत आहे. सत्कार म्हणून तिने आईला नवी साडी घेतली होती, मोरपिशी. इथल्या लोकांनी ती उतरवून घेतली आणि कपडेपटातली विटकी नऊवारी नेसायला दिली. पडद्यावर तीच शोभून दिसते म्हणाले.

कार्यक्रमाचं नाव होतं 'सरत्या वर्षाची कला'. दरवर्षी डिसेंबरात आम्ही तिघं जमायचो आणि वर्षभराच्या नाटक-सिनेमा-संगीताचा निकाल लावायचो. मधोमध जयवंतराव, रेशमी झब्बा, हातात कधीही न पेटवलेला पाइप. डावीकडे कौस्तुभ सबनीस, पस्तिशीचा, संकेतस्थळावर लिहिणारा, ज्याला प्रत्येक गोष्ट 'मांडणी' वाटायची. उजवीकडे मी, वैजयंती ओगले. समोर निवेदिका तेजश्री आणि तिच्यापलीकडे शंभरेक प्रेक्षक. अलका तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. फोन मांडीवर तयार धरून.

पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला. ऐतिहासिक सिनेमांत तलवारींपेक्षा आरोळ्याच जास्त झाल्या आहेत, हे जयवंतरावांनी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. कौस्तुभ म्हणाला, की प्रेक्षक आता पाहत नाही, तो सरकवतो. लोक हसले. मी नाट्यगृहात वाजणाऱ्या फोनवर माझा ठरलेला टोला मारला. एकमेकांची वाक्यं उचलून धरायची, मध्येच नाजूकसा चिमटा काढायचा, हे आम्हाला छान जमायचं. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा बाहेरून ऐकल्यासारखं ऐकलं. तिघंही किती चवीने बोलत होतो, आणि दुसऱ्याच्या ताटातलं.

मग तेजश्री 'ऊठ राजा'वर आली. आधी तीस सेकंद ते वाजवलं. तिसरी ओळ तुटली. तीन क्षण. मी खाली पाहिलं. प्रेक्षकांतल्या काही तरुणांचे हात सवयीने अर्धवट वर गेले. ठोका आदळला.

"कौस्तुभ, हा या वर्षाचा कल आहे का?"

"शंभर टक्के," कौस्तुभ म्हणाला. "ही खडबडीतपणाची भूक आहे. सगळं घोटून घोटून गुळगुळीत झालंय, त्यामुळे लोकांना ओरखडा हवाय. हा आवाज म्हणजे ओरखडा आहे. आणि ती तुटलेली ओळ, ती तर फारच हुशार मांडणी आहे."

"मी असहमत," जयवंतराव पाइप हलवत म्हणाले. "मांडणी नाही. ती साधना आहे. पिढ्यान् पिढ्यांची. या बाईला माहीतही नसेल ती काय करतेय. वैजयंतीने अगदी बरोबर लिहिलं होतं. विराम हाच इथे स्वर आहे."

पडली होती ती. मातीत पडली होती. माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

"वैजयंतीताई," तेजश्री माझ्याकडे वळली, "या गाण्याला खरी ओळख तुम्ही दिलीत. आज काय वाटतं?"

तिसऱ्या रांगेत अलकाने फोन उचलून छातीजवळ धरला. मी ते स्पष्ट पाहिलं.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. सोपं, तीन शब्दांचं: हे गाणं नाही. पण ते उच्चारलं की पाठोपाठ दुसरं वाक्य आपोआप येणार होतं: तीस वर्षं गाणं ऐकून, गाण्यावर लिहून, मला रडणारी बाई आणि गाणारी बाई यातला फरक कळला नाही. जयवंतराव भुवया उंचावणार होते. कौस्तुभ त्याच दिवशी त्यावर लेख लिहिणार होता, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही लिहिला असता. शिवाय माझ्या लेखांचं पुस्तक छापखान्यात होतं, आणि पहिलाच लेख हा होता. हे सगळं मनात येऊन जायला फार वेळ लागला नाही. आपली अब्रू मोजायला माणसाला किती कमी वेळ लागतो.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "यामागे एक खराखुरा मृत्यू आहे. या बाईंचा तरुण मुलगा गेला. हा त्या क्षणाचा आवाज आहे."

सभागृहात चुकचुकल्यासारखा आवाज झाला. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण तेजश्री माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, जयवंतराव पुढे झुकले होते, आणि आपण काहीतरी मोठं बोलत आहोत ही चव माझ्या तोंडात आली होती.

"म्हणून," मी म्हणाले, "हे गाणं नाही असं म्हणण्यापेक्षा... हे गाण्याच्या पलीकडचं आहे, असं मी म्हणेन."

"वा," जयवंतराव म्हणाले. "वा, वैजयंती."

टाळ्या पडल्या. कौस्तुभने माझं वाक्य त्याच्या वहीत टिपून घेतलं. अलकाचा फोन अजून छातीजवळ होता. ती टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे वळून वळून पाहत होती. आपल्याला हवं होतं ते झालं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"आणि आता," तेजश्रीचा आवाज एकदम हळवा झाला, "तो आवाज आज आपल्यात आहे."

विंगेतून तानुबाईंना आणलं. ठेंगणी, वाळकी बाई. त्या विटक्या नऊवारीची तिला सवय नव्हती, चालताना काष्टा सावरत होती. तोंडावर पावडर, पण मान तशीच काळी. प्रकाशाने तिचे डोळे दिपले. तेजश्रीने शाल पांघरली, हातात नारळ दिला. जयवंतराव उठले आणि कॅमेऱ्याकडे जरा तिरके होत तिच्या पायाशी वाकले. बाईने झटकन पाय मागे घेतले. "नगा, नगा, वडीलधारं मानूस तुमी," ती म्हणाली. लोक कौतुकाने हसले. मला त्या हसण्याची इतकी शिसारी आली, की समोरचा पाण्याचा पेला मी हातात घेतला आणि न पिताच परत ठेवला.

"आजी, आमच्यासाठी दोन ओळी म्हणाल?" तेजश्रीने ध्वनिक्षेपक पुढे केला. "तेच. ऊठ राजा."

तानुबाईंना कळलं नाही. तेजश्रीने पुन्हा सांगितलं. मग कळलं. तिने तेजश्रीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग आम्हा तिघांकडे, मग समोरच्या अंधारातल्या लोकांकडे.

"म्हनू कशी?" ती म्हणाली. "कोन मेलंय हितं?"

तेजश्रीने ध्वनिक्षेपक जरा मागे घेतला.

"बाय, तुज्या घरात कुनी गेलंय का?" तिने तेजश्रीला विचारलं. तिच्या आवाजात खरी काळजी होती. कुणाकडे मयत झाली असेल आणि त्यासाठी आपल्याला एवढ्या लांबून आणलं असेल, तर ती रडायला तयार होती. त्यांच्यात बायका जातात तशा. विनामयताचा हेल काढणं म्हणजे घरावर मरण बोलावणं, एवढंच तिला ठाऊक होतं. "कुनी न्हाई ना? मग आसं इनाकारन रडू नये, बाय. वंगाळ आसतं."

एक क्षण मला वाटलं, झालं. माझ्याकडून जे झालं नाही ते हिने केलं. आता कुणीतरी खाली मान घालेल आणि हे दिवे बंद करेल.

जयवंतरावांनी टाळी वाजवली. पहिली टाळी त्यांचीच होती. मग कौस्तुभची. मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं. "काय बोलल्या," जयवंतराव ध्वनिक्षेपकात म्हणाले. "कोण मेलंय इथं? हा प्रश्न आजच्या सगळ्या कलेला आहे."

त्या कडकडाटात तानुबाईने पदर डोक्यावर पुढे ओढला आणि नारळ पोटाशी धरून उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या का? वाजवल्या. सगळे उभे असताना बसून राहणं बरं दिसलं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दाराने निघत होते. अलका जिन्यापाशी आईची वाट पाहत उभी होती. मोरपिशी साडी घडी करून हातात.

"मॅडम," ती म्हणाली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "पलीकडचं म्हंजे काय?"

मी काहीतरी बोलले. शब्दांच्या मर्यादा वगैरे.

"न्हाई, पन ते गानं हाय का न्हाई? साउंडवाल्याला काय सांगू?"

"ते इतकं सोपं नसतं गं, अलका," मी म्हणाले. मी हे वाक्य बोलले, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

तिने माझा नंबर मागितला, फोनमध्ये घालून घेतला आणि लगेच मला एक मिस्ड कॉल दिला. तेवढ्यात आई आली आणि दोघी आडोसा शोधत साडी बदलायला गेल्या.

माझं पुस्तक फेब्रुवारीत आलं. त्याच महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या इमारतीखाली वरात थांबली आणि मी गॅलरीत गेले. सुरुवातीला ठोका नव्हता. एका सुशिक्षित बाईचा आवाज आला, जरा भरून आलेला. "हे गाण्याच्या पलीकडचं आहे." तो आवाज कुणाचा हे ओळखायला मला एक क्षण लागला. त्यामागून तानुबाईचा हेल. तिसरी ओळ तुटल्यावर आता शांतता ठेवलेली नव्हती. तिथे तीच विचारत होती, "कोन मेलंय हितं?" आणि खाली नाचणारी पोरं एका सुरात ओरडली, "कोणी नाही!" आणि ठोका आदळला. नवरदेवाचा काका माझ्याकडे बघून हात हलवत होता, खाली या म्हणून.

मी आत आले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

नंतर मी माझ्या संपादकांना पत्र लिहिलं, चूक कबूल करणारं. त्यांनी ते छापलं, आतल्या पानावर, वाचकांच्या पत्रांत. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. मग मी अलकाला फोन करायचं ठरवलं. ठरवायला पंधरा दिवस लागले. फोन लागला तेव्हा मागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती.

"अलका, मी वैजयंती ओगले. मला तुझी माफी मागायची होती."

"बोला," ती म्हणाली.

मी बोलले. पत्राचं सांगितलं. लेख पुढच्या आवृत्तीतून काढणार असल्याचं सांगितलं. त्या साउंडवाल्याला वकिलाकडून नोटीस देऊ म्हणाले.

"आई कशी आहे?"

"मामा वारला काल. आईचा सख्खा भाऊ. तितंच आलोय." ती जरा बाजूला गेली असावी, कुजबुज कमी झाली. "आई रडली न्हाई. समद्या बायका म्हनतात, रड गं, आसं कोंडू नगं. तिनं पदराचा बोळा तोंडात घातलाय सकाळपास्नं. भावाला उचलला तरी काडला न्हाई."

"मी तिच्याशी बोलू का?"

"नगं, मॅडम," अलका म्हणाली. "म्या गोठ्याकडं येऊन बोलतीया. कुनाच्या हातात फोन दिसला, की ती उठून आत जाती."